सहावी लेन

शिंप्याने निवेदकाच्या छातीभोवती टेप आवळली आणि म्हणाला, "श्वास सोडा साहेब. इतका धरून ठेवलात तर कोट ढगळ होईल."

निवेदकाने श्वास सोडला. खरं तर तो माफी मागायला आला होता. पण पायरी चढून "मी रेडिओवरचा..." एवढं म्हणेपर्यंत त्याचे दोन्ही हात वर झाले होते आणि काखेखालून टेप गेली होती. हात वर करून उभ्या असलेल्या माणसाला गुन्हा कबूल करणं सोपं जायला हवं. जात नव्हतं.

"अहो, कोट राहू द्या. मला जरा वेगळंच सांगायचं..."

"नाही म्हणू नका. माझ्या पोरीचं नाव तुम्ही रेडिओवर घेतलंत. तेसुद्धा ओरडून!"

पोरगी मागे स्टुलावर बसून एका पँटचे सुटे दोरे कापत होती. तिने मान वर केली नाही.

घोळ साधाच होता. फुटबॉलचं मैदान पाण्याखाली गेलं, म्हणून केंद्रप्रमुखांनी आयत्या वेळी ज्यात पाणी असायलाच हवं असा खेळ निवडला. पोहणं हा रेडिओचा खेळच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. सगळ्यांच्या टोप्या सारख्या आणि सगळ्यांची तोंडं खाली. तरी निवेदकाला तलावावर पाठवलं. तिथे त्याला पलीकडच्या बाजूला खुर्ची मिळाली आणि त्याने लेन आपल्या बाजूने मोजल्या. जिंकली तिसरी लेन. त्याने घसा बसेपर्यंत सहावीला जिंकवलं. सहाव्या लेनमधली मुलगी प्रत्यक्षात शेवटची आली होती. निकालाचा कागद हातात पडला तेव्हा रेडिओवर हवामान चालू होतं. "दुरुस्ती कसली करताय?" केंद्रप्रमुख म्हणाले. "पोहण्याची शर्यत ऐकली कोणी?"

एकाने ऐकली होती. त्याने केंद्रावर फोन करून आभार मानले आणि दुकानाचा पत्ताही दिला.

"दिवसभर रेडिओ चालू असतो माझा," शिंपी खांद्याचं माप घेत सांगत होता. "कुठला खेळ ऐकायला चांगला, मला विचारा. फुटबॉलला शिवण वाकडी जाते. बॉक्सिंगला सुई बोटात. टेनिस बेस्ट! टप, टप, मशीन आपसूक त्या तालात पडतं. काजं करायची असली की बुद्धिबळ. एक चाल, एक काज."

"आणि पोहणं?"

"पोहणं लागलं की बंद करायचो. खोटं कशाला बोलू?"

निवेदकाने खाली पाहिलं. फरशीवर कापडाच्या चिंध्या होत्या. त्यांच्यात मावता आलं असतं तर तो मावला असता.

"पण त्या दिवशी पोरीचं नाव ऐकलं आणि मशीनवरून उठलोच. तुम्ही 'जिंकली!' म्हणालात, मी रेडिओ बंद केला आणि थेट रस्त्यावर. आता एक काम करायचं. हिच्या आईची ड्यूटी होती वॉर्डात, तिने काहीच ऐकलं नाही. आत्ताच आलीये. तिला एकदा म्हणून दाखवा. तसंच्या तसं." आणि निवेदकाच्या गळ्यात टेप तशीच सोडून तो बायकोला हाक मारायला आत गेला.

कात्री थांबली.

"तू सांगितलं नाहीस?" निवेदकाने हळूच विचारलं.

"घरी आले तर बाबा कोणाची तरी अर्धी पँट हातात घेऊन नाचत होते. काय सांगणार? पदक पोस्टाने येणार म्हटलं."

"चूक माझी आहे. मी लेन उलट्या मोजल्या."

"माहितीये. मी शेवटी होते ना, मला सगळ्या दिसत होत्या." तिने एक दोरा दाताने तोडला. "उद्या आमच्या पोहण्याच्या सरांना चहाला बोलावलंय बाबांनी. सर सगळं बोलतील. त्याच्या आत तुम्हीच सांगा काका. पण असं फरशीकडे बघत नका सांगू. रेडिओवर सांगता तसं सांगा."

आई नर्सच्या कपड्यांतच येऊन खुर्चीवर टेकली. शिंपी मशीनपाशी बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"हं, करा सुरू."

निवेदकाने घसा साफ केला. शिट्टी झाली, आठ जणींनी उड्या घेतल्या. पहिली फेरी त्याने तशीच सांगितली, जोरात. शिंप्याचा पाय रिकाम्या मशीनवर हलायला लागला.

"आणि श्रोतेहो, इथे एक दुरुस्ती. आपल्या निवेदकाने लेन चुकीच्या बाजूने मोजलेल्या आहेत. पुढे आहे ती तिसरी लेन. जिंकली, तिसरी लेन जिंकली! सहावी लेन मागे आहे. बरीच मागे आहे."

शिंप्याचा पाय थांबला. डोळे त्याने उघडले नाहीत. आईने मुलीकडे पाहिलं, मुलीने पँटकडे.

निवेदकाला आता थांबता येईना. त्या दिवशी त्याने हे सगळं पाहिलं होतं, फक्त सांगितलं नव्हतं. "सातही जणी पोचल्यात. टॉवेल घेतायत, हसतायत. तलावात आता एकच जण उरलीये, तेव्हा हा जो पाण्याचा आवाज येतोय तो तिचाच. डावा हात उचलत नाहीये तिचा. मध्येच थांबली. दोरी धरेल असं वाटतंय. नाही, धरली नाही. निघाली. लोक उठून चाललेत, शिट्टीवालासुद्धा पाठ करून उभा आहे. ती येतेय. आणखी दोन हात. एक. पोचली! सहावी लेन पोचली!"

बाहेर कोणीतरी सायकल लावली आणि पुन्हा काढून नेली.

"पाण्याबाहेर आल्यावर टॉवेल कोणी दिला तिला?" शिंप्याने विचारलं.

निवेदकाला माहीत नव्हतं. त्याने तेवढ्यात सामान आवरायला घेतलं होतं.

"कोणी नाही," मुलगी म्हणाली. "एक पडला होता तिथे. कोणाचा तरी वापरलेला."

"ओला?"

"थोडा."

शिंपी मशीनशेजारचं कापड उगाच सरळ करत राहिला. आईने उठून मुलीच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिच्या डाव्या खांद्यावर दाबून पाहिलं, कुठे दुखतंय ते.

"पुढची शर्यत कधी?" शिंपी म्हणाला.

"रविवारी."

"रविवारी दुकान बंद." मग निवेदकाच्या गळ्यातली टेप त्याने काढून घेतली, नीट गुंडाळली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्ही नाही आलात तरी चालेल, साहेब. मी बघतो."