खोकं उघडेपर्यंत

टेलरताई त्या गुरुवारी आली नाही, तेव्हाच माझं डोकं फिरलं. माझा गुरुवार तिनं आजवर कधी चुकवला नव्हता. फोन केला तर म्हणाली, त्या नव्या पोरीचं खोकं आलंय पोलीस ठाण्यातून, तिच्याजवळ बसायचंय. लग्नाला धड वर्ष झालं नव्हतं त्या पोरीच्या, आणि आली माझ्या ताईवर हक्क सांगायला.

ड्यूटीवर असताना पोलीस नवरा गमावलेल्या आम्हा बायकांचा एक गट आहे. नवीन बाई आली की जुन्यांतली एक तिच्या घरी दर आठवड्याला जाऊन बसते. नवऱ्याचं ठाण्यातल्या कपाटातलं सामान खोक्यात भरून घरी येतं, तेही तिच्यासोबतच उघडायचं. ते उघडलं की बाई सावरली असं धरतात आणि येणं थांबतं. माझ्याकडे येते ती टेलरताई, आणि हा नियमही तिनंच घातलेला. आमच्या ह्यांना नाकाबंदीवर ट्रकनं उडवलं. त्यांचं खोकं मी पलंगाखाली ढकललं आणि दर वेळी सांगत आले, छातीत धडधडतं गं, पुढच्या गुरुवारी बघू. खोटं कशाला बोलू, खोक्याची भीती कधीच गेली होती. टेलरताई जाईल याची होती.

मी तडक त्या पोरीचं घर गाठलं. दारातूनच दिसलं, टेलरताईचा हात तिच्या पाठीवर. माझ्या पाठीवर ठेवायची तसाच, अगदी तसाच. असं पोटात दुखलं म्हणून सांगू. वर मला "बस" म्हणाली, पाहुणीला म्हणावं तसं.

पोरीनं चिकटपट्टी ओढली. वरच इस्त्रीचा गणवेश होता. तो तिनं नाकाशी धरला आणि हंबरडा फोडला. आता ताई हिला कुशीत घेणार आणि मी जळत बघणार, असं वाटलं. पण ताई उठली आणि जिन्यात निघून गेली. मग झक मारत मीच पोरीला धरलं. ओक्साबोक्शी रडत होती बिचारी. जरा शांत झाली तशी मी बाहेर आले.

ताई पायरीवर बसली होती, तोंडावर हात दाबून. पोरीला तसंच सोडून आलीस म्हणून मी तणतणले.

"मला बघवत नाही," ती म्हणाली. "दर वेळी मान फिरवते मी. माझं खोकं अजून माळ्यावर तसंच आहे. मी पहिलीच ना गटातली, माझ्याजवळ बसायला कोणी नव्हतं."

मागून पोरगी डोळे पुसत आली आणि म्हणाली, मी बसेन तुमच्याजवळ. मेलीनं इथंही नंबर लावला.

"तू नाही," मी म्हटलं. "तिच्याजवळ मी बसणार."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तुझंच अजून उघडायचंय."

"उघडलं. काल. एकटीनंच."

तिनं माझा हात घट्ट धरला. "सावरलीस गं," म्हणाली. माझा गुरुवार मी माझ्याच तोंडानं घालवला होता, आणि घरी जाऊन ते खोकं आता खरंच एकटीनं उघडायचं होतं.