पॅनेलवरचं पोतं

चुडामण आबांच्या घराच्या मातीच्या धाब्यावर मी सौर पॅनेल बसवलं ते १९९१ च्या मार्चमध्ये. गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला; विजेचे खांब अलीकडच्या नाल्यापर्यंतच आलेले. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर, जळगावच्या एका दुकानासाठी ही कामं करायचो. आबांना पंखा नको होता, टीव्ही नको होता. त्यांच्या सुनेचं, प्रमिलाबाईंचं, पहिलं बाळंतपण चिमणीच्या उजेडात झालं होतं. बाळाच्या गळ्याभोवतीचा नाळेचा वेढा नर्सबाईंना वेळेवर दिसला नाही; बाळ गेलं. पुढच्या खेपेला खोलीत ट्यूब हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

सप्टेंबरमध्ये तपासणीला गेलो, तर भर दुपारी पॅनेलवर ओलं पोतं.

"आबा, हे काय?"

"दुपारले बैलबी सोडतस ना, भाऊ? मंग इले इसावा नको? कान लाव, कशी उकळस."

मी बॅटरीला कान लावला. आत बुडबुडे फुटत होते. शिशाची बॅटरी भरत आली, की चौदा व्होल्टच्या पुढे आतल्या पाण्याचा वायू होऊ लागतो. ते उकळणं नव्हे; ती भरत आल्याची खूण. तसं मी सांगितलंही. पण आबा बॅटरीत घालायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दाखवत म्हणाले, "हर महिनाले पानी मांगस. तुनी बॅटरी शे का म्हैस?"

घरातली सगळी हसली. प्रमिलाबाईही, सहाव्या महिन्याचं पोट सांभाळत.

मीही हसलो आणि हुशारी केली. कंट्रोलरच्या पेटीत एक बारीक स्क्रू असतो. बॅटरी किती व्होल्टपर्यंत चढू द्यायची, ते त्यावर ठरतं. तो चौदा पूर्णांक चारवर होता. मी साडेतेरावर आणला. बारा व्होल्टच्या बॅटरीला साडेतेरा म्हणजे वर दीड शिल्लकच, असं मला वाटलं. बुडबुडे थांबले.

"आता पोतं नको, आबा."

"शिकेल मानूसनी बातच न्यारी," आबा म्हणाले. त्यांनी पोतं घडी करून कोनाड्यात ठेवलं. घरातला कंदील मळ्यातल्या राखणदाराला देऊन टाकला.

डिसेंबरमध्ये निरोप आला. लाइट बंद आहे, एवढाच.

गेलो, तर अंगणात बायका बसल्या होत्या. आबांचा मुलगा रुपचंद याचं डोकं भादरलेलं. नर्स यशोदाबाई दारातच भेटल्या.

"प्रमिला दिवे लागणीला मोकळी झाली. मुलगी आहे, चांगली आहे. पण रक्त थांबेना. कुठे फाटलंय ते बघून टाके घालायला घेतले, आणि ट्यूब पिवळी पडली, भाऊ. मग विझलीच. शेजारचा कंदील येईपर्यंत..." त्या कोरडे हात पदराला पुसत राहिल्या.

मी बॅटरी उघडली. आम्ल मोजायच्या नळीतला तरंगकाटा सहाही कप्प्यांत तळाला बसला; आम्लाचं नुसतं पाणी झालेलं. प्लेटांवर पांढरा थर, वीज आत घेऊ न देणारा. साडेतेरावर अडवलेली ती तीन महिने रोज अर्धवटच भरत होती आणि रोज रात्री रिकामी होत होती.

बाहेर शेजारच्या बेबाबाईचा आवाज मुद्दाम मोठा होता. "दुपारले पोतं टाकत व्हता म्हातारा. त्यानंच अंधार कया."

आबा बॅटरीशेजारी बसले होते. ते पोतं मांडीवर. "भाऊ, मना पोतामुळेच गयी ना ती?"

हो म्हणून मान हलवली असती तर दोनच्या एसटीने मी जळगावला गेलो असतो. दुसरं कुणी काही विचारणार नव्हतं.

"नाही आबा. पोतं तुम्ही सप्टेंबरातच काढलंत. त्यानंतर बॅटरीला उपाशी मी ठेवलं. तो आवाज मीच बंद केला."

रुपचंद उठून उभा राहिला. आबांनी हाताने त्याला थांबवलं.

"म्हंजे, इले उकळाले पाहिजे व्हतं?"

"हो."

"रोज?"

"रोज. थोडा वेळ तरी."

"मंग कर चालू."

मी स्क्रू फिरवला. आबांनी वाकून बॅटरीला कान लावला. ऊन लख्ख होतं. पाच मिनिटांतच व्होल्टमीटर चौदाच्या वर गेला आणि बुडबुड्यांचा आवाज सुरू झाला.

"उकळी ऱ्हायनी," आबा म्हणाले. "भरनी का?"

"नाही, आबा. आता ती आत काही घेतच नाही. नुसता आवाज आहे."

आबांनी कान काढला नाही.