वरून दुसरे बटण

सदऱ्याच्या टोकाने चष्म्याच्या काचा पुसत वामनराव ओसरीत पूर्वेकडे तोंड करून बसले होते. ऊन अजून अंगणात उतरले नव्हते. ते आधी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर आले, तिथे थोडा वेळ रेंगाळले, मग तुऱ्हाटीच्या कुडातून बारीक बारीक होऊन आत शिरले. सारवलेल्या जमिनीवर त्याच्या रेघा पडल्या. एक रेघ तुळशीच्या ओट्यावर मोडली, एक पायरी चढून ओसरीत आली आणि कोपऱ्यातल्या जुन्या टंकयंत्रावर घातलेल्या फडक्यावर जाऊन थांबली. कार्तिकातले ते ऊन. त्यात ऊब होती, घाई नव्हती. त्यांचा मुलगा क्षितिज दाराला टेकून ते पाहत होता. रेघ वामनरावांच्या हातांवर आली, तसे त्यांचे हात थबकले.

"उजाडलं चांगलं," ते म्हणाले. "आज ऊन कवळं आहे."

क्षितिजला बरे वाटले. बाबांना ऊन दिसले, असे त्याने मनाशी धरले. यवतमाळला नोकरीला असलेला हा मुलगा शनिवार-रविवारी बोरी अरबला यायचा आणि दर खेपेला असे काहीतरी दिलाशाचे गोळा करून परत न्यायचा. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन, नस सुकत चालली आहे, असे सांगितले होते. घरी येऊन त्याने सांगितले, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. नंतर त्याने जाड काचांचा नवा चष्माही आणून दिला.

क्षितिजची आई, रत्नप्रभाबाई, चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी बशीवर चमचा हलकेच वाजवला. वामनरावांचा हात नेमका कपाच्या कानावर गेला.

"आपला हरिसिंग कितव्या नंबरवर आहे रे यंदा?" वामनरावांनी विचारले.

"शेवटून मोजा, लवकर सापडंल," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

विधानसभेच्या मतदानाचा दिवस होता. हरिसिंग एका लहानशा पक्षाचा उमेदवार. त्याची निशाणी बादली. कधीकाळी तो वामनरावांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकला होता. तो दर निवडणुकीत उभा राहायचा, पडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी कामासाठी तहसीलीच्या पायऱ्या चढायचा.

"बाबा, एक बोलू?" क्षितिज खाली बसला. "यंदा नका देऊ त्याले. मत वाया जाते. मागच्या वेळी हरिसिंगनं जेवढी मतं खाल्ली, त्याच्या निम्म्या फरकानं हे आताचे आमदार निवडून आले. पाच वर्षं भोगून राह्यलो आपण. या वेळी त्यांच्यासमोरचा माणूस येऊ शकते. एक-एक मत लागते."

वामनराव चहा प्यायले. मग म्हणाले, "टायपिंगमध्ये सगळ्यात जास्त कोणती की दाबतो आपण?"

"झालं यांचं इन्स्टिट्यूट सुरू," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"स्पेसबार," क्षितिज म्हणाला.

"तिच्यानं कागदावर काय उमटते?"

"काही नाही."

"मंग वाया गेली काय? ती नसली तं सारे शब्द एकमेकांच्या अंगावर पडतील. अर्जही वाचता येणार नाही कोणाले." त्यांनी कप बशीत ठेवला. "तू तुयं मत कोणालेही दे, बाबू. मले फक्त नंबर सांग. तिथं बारकी चित्रं पाहत बसलं का मागचे लोक खोळंबतात."

प्रचाराच्या गाड्या गावभर निशाण्यांचीच गाणी वाजवत फिरल्या होत्या. नंबर कुणाच्या ध्यानात नव्हते. हरिसिंग नवव्या क्रमांकावर होता. क्षितिजला जो माणूस निवडून यायला हवा होता, तो दुसऱ्या.

"दुसरा," क्षितिज म्हणाला. "वरून दुसरा."

अंगणातून रत्नप्रभाबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि तुळशीला पाणी घालू लागल्या.

वाटेभर तो स्वतःची समजूत घालत होता. यंत्रावर नाव असते, चित्र असते. बटण दाबल्यावर काचेआड चिठ्ठी दिसते. बाबा पाहतीलच. पाहिले की तिथेच ओरडतील, गाढवा, बादली कुठं आहे इथं? चारचौघांत अब्रू जाईल. जाऊ दे. त्याला ते ओरडणे ऐकायचे होते. मत त्याच्या माणसाला मिळावे, ही इच्छा शाळा जवळ येईपर्यंत मागे राहून गेली होती.

वामनरावांनी त्याचा दंड धरला होता. "ऊन डोळ्यांवर येते," ते म्हणाले. ऊन पाठीवर होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर रांग होती. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया कमरेला कापसाची ओटी बांधूनच उभ्या होत्या. फाटकाशी रामधन कोतवाल होता.

"मास्तर, यंदाही बादलीच काय?"

"मत गुप्त असते, रामधन."

"तुमचं कायचं गुप्त? साऱ्या बोरीले माहीत आहे!"

रांग हसली. वामनरावही हसले, रामधनच्या जरा डावीकडे पाहून.

खोलीत ते टेबलाच्या कडेवर हात ठेवत चालले. बोटाला शाई लागली. टेबलामागच्या बाईंनी वही पुढे सरकवली, तशी त्यांनी झोकात सही केली. ती रेघेच्या बरीच वर गेली. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये मुलांच्या हातांवर फडके टाकायची रीत होती. पाहायचं नाही, बोटाले विचारायचं. क्षितिजही तसाच शिकला होता.

वामनराव पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. क्षितिज कान देऊन उभा राहिला. कुणीतरी खोकले. बाहेर एक लहान मूल रडले. मग यंत्राचा लांब आवाज आला आणि थांबला.

कोणी ओरडले नाही.

वामनराव बाहेर आले. चेहऱ्यावर काम नीट उरकल्याचे समाधान होते. शिपायाने त्यांना दाराकडे वळवले.

क्षितिज आत गेला. दुसरे बटण समोरच होते. त्यावर बाबांच्या बोटाचा ओलसर ठसा होता. तो खाली, नवव्यापर्यंत गेला आणि त्याने ते दाबले. काचेआड चिठ्ठी उजळली. बादली, लहान, कडी उभी असलेली. तो ती खाली पडेपर्यंत पाहत राहिला.

वामनराव बाहेर निंबाखाली उभे होते.

"सापडलं, बाबा?"

"न सापडायले काय झालं? वरून दुसरंच तं होतं. यंदा हरिसिंग लय वर सरकला रे." ते हसले. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नीट डोळ्यांवर चढवला. "आन् ती चिठ्ठीही पाह्यली मी. बादली होती. लहान, पण अशी स्वच्छ दिसली मले."

क्षितिजने त्यांचा हात आपल्या दंडावर ठेवला. रस्ता ओलांडायचा होता. ऊन आता समोरून, थेट वामनरावांच्या तोंडावर येत होते आणि त्यांचे डोळे उघडे होते.

बाबांना दिसत नव्हते.