पळणारा पाय

चाळीस वर्षं मी पायमशीन चालवते आहे. सरळ शिवण दिसली की माझा पाय पळतो, त्याला मी काय करू?

सूनबाई घरीच गिटारचा क्लास घेते. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तिच्यापुढे जाऊन बसले, म्हटलं, "मला ते संथ ब्लूज शिकव." सोपं वाटलं होतं. कॉर्ड तीनच, बारा बारचं, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा घरांचं, एक आवर्तन, आणि घाई कसली ती नाही. पण तिसऱ्या आवर्तनाला पाय मशीनवर असल्यासारखा हलू लागे आणि गाणं सुसाट सुटे.

"आई, ब्लूज दुःखाचं असतं," सून म्हणाली. "तुमचं दुःख बस पकडायला निघालंय."

मी आधी गिटारला नावं ठेवली, मग खुर्चीला. नाचता येईना अंगण वाकडं! पाय घट्ट धरून ठेवावा तर ठेकाच हरवे. आणि क्लासच्या कार्यक्रमात वाजवणार म्हणून माझ्या शिलाईच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी सांगून बसले होते. माघार घेतली असती तर नाक कापलं गेलं असतं, आणि माझं नाक मुळात मोठं आहे.

तोड सापडली ती एका शर्टाच्या कॉलरपाशी. टोकाशी आलं की सुई कापडातच ठेवून थांबायचं, कापड वळवायचं, मगच पुढे. घाई केली की टोक बिघडतं. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींवर यासाठी मी हजारदा ओरडले असेन. शिवण तशीच टाकून गिटार घेतली. कॉर्ड बदलायची जागा आली की स्वतःला बजावलं, हे टोक, सुई खाली. पाय थबकला.

कार्यक्रमाला समोरच्या निम्म्या लोकांच्या अंगावर मीच शिवलेले कपडे होते. साथीला सून बेस गिटार घेऊन बसली. पहिल्या रांगेत तिचे सर होते, ज्यांच्याकडे ती दहा वर्षं शिकली. त्यांना बघून ती बिचकली, आणि दुसऱ्याच आवर्तनात ठेका सोडून पुढे पळाली. ती, मी नव्हे! माझाही पाय तिच्यामागे निघालाच होता. दात ओठ खाऊन मी त्याला टोकाशी रोखलं. सुई खाली. सुनेने माझ्या पायाकडे पाहिलं, एक श्वास घेतला आणि परत आली. मग शेवटपर्यंत आम्ही दोघी एका चालीने गेलो.

टाळ्या थांबल्यावर सर तिला शाबासकी द्यायला आले. "ठेका छान धरलास," ते म्हणाले.

"मी नाही, सर. मी पळाले होते," सून सगळ्यांदेखत म्हणाली. "आईंनी आवरलं."

त्या दिवशी मला माझ्या पायाचा फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण सुनेचा त्याहून जास्त वाटला. चार लोकांत आपली चूक कबूल करणं मला अजून जमलेलं नाही.