टबाच्या तळाशी

गोबी हा दिसायला अगदी भिकार मासा. मातकट रंग, मोठा जबडा, टाळूवर चढलेले डोळे. आफ्रिकेतल्या नद्या समुद्राला मिळतात तिथे तळाच्या वाळूत अंग पुरून बसतो आणि जवळून जाणारं काहीही गट्ट करतो. माझा नवरा सत्यजित त्याच्यावर पीएचडी करतो. इतक्या गढूळ पाण्यात हा श्वास कसा घेतो, हा त्याचा विषय. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला हे ऐकून माझे कान किटलेत.

सत्यजित मारतो, हे मात्र कुठल्याच पॉटलकला कुणाला कळलेलं नाही. मार्चमध्ये त्याने माझं डोकं फ्रिजवर आपटलं, तेव्हा मी बजावलं होतं, "पुन्हा हात उचललास तर नाइन वन वन लावून पोलिसांना बोलावीन." तो ढसाढसा रडला आणि मी मूर्खासारखी त्याचेच डोळे पुसले.

आमचा गणपती शाडूचा. विसर्जन घरामागच्या पॅटिओवरच्या निळ्या टबात. टब भरायचं काम सत्यजितचं, आणि नदीची आठवण म्हणून तळाला वाळू पसरायची ही सासूबाईंची पद्धत. यंदा विसर्जनाच्या दिवशी मी उठले तर टब भरलेला, तळाला वाळू, आणि हा लॅबला गेलेला. म्हटलं, चला, एक काम तरी न सांगता केलं! शेजारच्या मालिनीकाकू आल्या. त्या रिटायर्ड डॉक्टर. आरती झाली, मी मूर्ती पाण्यात सोडली. हळूहळू पाणी चहासारखं झालं.

सत्यजित परतला तो हातात एअर पंप घेऊन. टबाकडे बघून जागीच थिजला.

"हे काय केलंस?"

"विसर्जन. तूच भरलास ना टब?"

"माझा नर होता त्यात! लॅबचा टँक लीक झाला म्हणून इथे ठेवला होता. शेवटचा उरलेला नर, यू इडियट!"

पंप माझ्या कानावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी पडले तर त्याने केसांना धरून ओढत टबापाशी नेलं, हात पिरगळला. मनगटात कट्कन आवाज झाला. "शोध! शोध त्याला!" म्हणत त्याने माझं तोंड पाण्यात दाबलं. नाकातोंडात शाडू गेला. काकू किंचाळत होत्या, ते पाण्याखालूनही ऐकू येत होतं. मी मरते आता, असं वाटलं. चांगल्या हाताने मी तळ चाचपत होते आणि वाळूत काहीतरी बुळबुळीत वळवळलं.

मी ते मुठीत धरून हात पाण्याबाहेर काढला, तसं त्याने मला सोडलं. खोकताना रक्त पडलं. मासा धडधडीत जिवंत होता! असल्याच पाण्यात तर तो जगतो. दुसऱ्या कुणाला नसेल, पण सत्यजितला हे ठाऊक असायला हवं होतं.

मूठ आवळावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्या जिवाने माझं काय बिघडवलं होतं? मी त्याला बादलीत सोडलं.

सत्यजित गुडघ्यांवर बसला. बोटाने पाणी हलवत लाडाने बोलायला लागला, "माझा राजा तो!" मग माझ्याकडे वळून चक्क हसला. "अगं, ही इज फाइन! काहीच झालं नाही यार!"

काहीच झालं नाही म्हणे. माझं मनगट वाकडं लोंबत होतं. मी फोन लावला.

सायरन ऐकू आला तशा काकू माझ्या कानाचं रक्त पुसत पुटपुटल्या, "देवयानी, पाय घसरला म्हण. त्याचं शेवटचं वर्ष आहे. तुझा व्हिसासुद्धा त्याच्याच जिवावर ना? आमच्या वेळी आम्हीसुद्धा निभावून नेलं गं."

पोलीसबाईंनी विचारलं, काय झालं? सत्यजित बादलीजवळून माझ्याकडे बघत होता. मी घाबरले होते.

"माझ्या नवऱ्याने मला मारलं," मी म्हणाले, "आणि या डॉक्टरबाईंनी ते पाहिलंय. त्यांना विचारा."