गोरोबाचं आजोळ

विहिरीत पाणी असतं तर काय झालं असतं, हा विचार तुळजाबाईनं पुढं कधी शेवटापर्यंत नेला नाही. बहात्तरचा दुष्काळ होता, त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला होता. सोनारीच्या भैरोबाला सगळी पंचक्रोशी पाणी मागत होती, आणि आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या कोरडेपणाचे उपकार मानणारी बाई गावात तेवढी एकच होती.

त्या सांजेला ती विहिरीच्या काठावर उभी होती. कमरेवर गोरोबा. सात वर्षांचं पोर, पण मान धरत नव्हतं, बसत नव्हतं, बोलत नव्हतं. हातपाय तुरकाठीसारखे वाळके, आणि मधूनच असे ताठ व्हायचे की धरणाऱ्याच्या बरगडीत कोपर बसावं. दिवसभर तलावाच्या कामावर खडी फोडायची आणि त्याला लिंबाखाली, पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून निजवायचं. पट्टी नाही बांधली तर तो गडगडत खडीवर जायचा. बांधली की येणारी-जाणारी म्हणायची, "अगं, जनावर हाय का ते?" नवरा कोंडीराम बैलं घेऊन परंड्याकडं छावणीवर राहिला होता. सासूच्या, लक्ष्मीबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दहा वर्षांची सुमन दिवसभर टँकरच्या रांगेत. माहेरी जावं तर भावानं निरोप धाडला होता, तू ये, पण पोराला आणू नको, घरात लग्नाच्या पोरी आहेत.

म्हणून ती विहिरीवर आली होती. का आली होती, ते तिला नीट सांगता आलं नसतं. खाली तळाला भेगाळलेला गाळ होता. कोरड्या विहिरीत पडलं तर मरण येईलच असं नाही, नुसतं मोडून पडायला होतं. आणि मोडून पडलेलं एक माणूस घरात होतंच. एवढा हिशेबी विचार तिच्या डोक्यात आला आणि त्याच वेळी हाताची मिठी जराशी सैल झाली.

"वाईच मपल्याकडं द्या लेकरू," मागून कुणी म्हणालं. "पदर नीट करून घ्या."

मालनबाई होती. डोक्यावरचा सरपणाचा भारा तिनं खाली टाकला होता. पन्नाशीची, काटक बाई. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहणारी. तिनं गोरोबाला घेतलं, घरापर्यंत आणून दिलं, आणि वाटेत चकार शब्द काढला नाही.

बोलली ती दुसऱ्या दिवशी, खडीच्या ढिगावर. त्या ढिगाला जात नव्हती. साऱ्याजणी हातोडीच्या अंतरानं शेजारी बसायच्या. पाण्याचे घडे मात्र दोन होते.

"काल काठावर किती येळ उभ्या हुत्या, ठावं हाय का?"

"पाणी आलंय का बघत हुते."

"चैत्रात?"

तुळजाबाईनं हातोडी जोरात मारली. मालनबाई आज काम करत नव्हती, नुसती येऊन बसली होती. परवा हातोडी बसून तिच्या उजव्या अंगठ्याचं नख उखडलं होतं, त्यावर चिंधी गुंडाळलेली.

"मला धाकला भाऊ हुता," ती म्हणाली. "बाबू. आसाच. आई एकदा त्याला घिऊन सीना नदीला धुणं धुवाया गेली. येताना कमरंवर धुण्याचा पिळा तेवढा हुता. आमी कुणी इचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय. पुढं तीस वरीस जगली बघा. पर कमरंवर कदी घागर घेतली न्हाय. डोईवरच न्यायची."

लिंबाखाली गोरोबा हसल्यासारखा काहीतरी आवाज करत होता. तुळजाबाईची हातोडी हवेतच राहिली.

"मुकादम म्हणलाय, आठ दिस घरी बस. आमचं मालक बी घरीच हायती, पाय मुरगाळलाय त्येंचा. आमी दोघं म्हातारा-म्हातारी बसून एकमेकांची तोंडं बघणार. पोराला चार दिस मपल्याकडं धाडा."

"कशाला?"

"आजोळी! गावातली समदी पोरं उन्हाळ्यात आजोळी जातेत. ह्यानंच काय घोडं मारलंय? मातर एक. आजोळी गेलेल्या पोरामागं आईनं जायचं नसतं. चार दिस तिकडं फिरकायचं न्हाय."

"मालनबाई, तुमी... तुमास्नी..."

"आता लेक झालीस तर मी तुला अहो-जाहो करायची न्हाय हां," मालनबाई म्हणाली. "तू कर, तुजी खुशी."

घरी लक्ष्मीबाईनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तिथं? आन् जेवंल काय?"

"आत्याबाई, सरकारची सुकडी समदा गाव एकाच कढईतली खातोय."

"ते सरकारचं. सरकारला जात नसती." म्हातारीनं थोडा वेळ अंधुक डोळ्यांनी दाराकडं पाहिलं. मग तिची तिनंच वाट काढली. "धाड. पर भाकर आपल्या घरनं जाईल. सुमन नेऊन दील."

तुळजाबाईनं गोरोबाला काजळ घातलं, गालावर तीट लावली, दोन सदऱ्यांचं गाठोडं बांधलं. आजोळी निघालेल्या पोराचं जे जे करतात ते तिनं सात वर्षांत पहिल्यांदा केलं. ओढा ओलांडून दारात पोचली तेव्हा मालनबाई तांब्या घेऊनच उभी होती. टँकरचं पाणी माणशी मोजून मिळायच्या त्या दिवसांत तिनं अर्धा तांब्या पाणी गोरोबाच्या पायांवर घातलं. त्याचे पाय कधी जमिनीला लागले नव्हते. तळवे तान्ह्या मुलासारखे मऊ होते. धुण्यासारखं त्यांवर काही नव्हतंच. तरी तिनं ते नीट धुतले, आपल्या पदरानं पुसले.

तुळजाबाईनं मग सांगायला सुरुवात केली. कुशीवर निजवा, उताणं नको. ताठ झाला तर घाबरू नका, गुडघे दुमडा. माशी बसली तर त्याला हाकलता येत नाही. पाणी चमच्यानं. रडला तर पाठीवर थापटा, पण हळू. सांगता सांगता सूर्य माथ्यावर आला. शेवटी आतून मालनबाईचा नवरा मच्छिंद्र म्हणाला, "लेकी, तू आता गेली न्हायस तर तुला बी आजोळीच ठिवून घ्यावं लागंल."

तो बाजारचा दिवस होता, काम बंद होतं. तुळजाबाई घरी आली, भिंतीला टेकली, आणि बसल्या जागी झोपली. कुणी तरी तिला आडवं केलं, डोक्याखाली काही दिलं, ते तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा दुसरी सकाळ झाली होती. सात वर्षांत अशी झोप नव्हती. उठल्या उठल्या तिचा हात कमरेकडं गेला, तिथं कुणी नव्हतं. मग आठवलं.

कामावर जाताना ती वाकडी चालत होती. डाव्या अंगाला भार नव्हता, तरी शरीर उजवीकडं झुकूनच राहिलेलं. बायका म्हणाल्या, "तुळजे, वाऱ्यानं उडशील गं." ती पण हसली. दुपारी सगळ्याजणी भाकरीची फडकी सोडून बसल्या. तुळजाबाईनं पहिला घास तोंडात घातला आणि तिला दिसलं, आपला डावा हात शेजारच्या बारदानावर फिरतोय. दोन बोटं, वरून खाली, हळू. पुन्हा वरून खाली.

घास तिच्या तोंडातच राहिला.

गोरोबाला गिळता येत नसे. घास जिभेवर ठेवायचा आणि गळ्याच्या घाटीवरून दोन बोटं खाली ओढायची, मग तो घोट घ्यायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षात कधीतरी बोटांना आपोआप समजलं होतं, आणि बोटांनी ते डोक्याला कधी कळवलंच नव्हतं. माशीपर्यंत सगळं सांगितलं होतं तिनं. एवढंच राहिलं होतं.

फिरकायचं न्हाय, असं मालनबाईनं बजावलं होतं. तुळजाबाई उठून पळत सुटली.

दारात मालनबाई बसली होती. मांडीवर गोरोबा. त्याच्या हनुवटीवरून, छातीवरून कालवलेली भाकर ओघळलेली. मच्छिंद्र त्याची मान धरून बसला होता. तिघांचेही चेहरे उतरलेले.

"कालपासनं पोटात काय न्हाय," मालनबाई तिच्याकडं न बघता म्हणाली. "चमच्यानं दिलेलं बी भाईर येतंय. पाणी तेवढं चिंधी पिळून वठाला लावतीय."

"मग मला बोलावलं का न्हाय?"

मालनबाईनं गोरोबाची हनुवटी पुसली. मच्छिंद्र म्हणाला, "म्या कालच म्हणलं बोलाव. ही आयकती कुठं."

"मला वाटलं," मालनबाई म्हणाली, आणि थांबली. मग एकदम बोलून टाकलं. "मला वाटलं, मपल्या हातचं नको त्याला."

जन्मभर लोकांनी जे केलं, तेच हे मुकं पोर करतंय, असं त्या बाईला रात्रभर वाटत राहिलं होतं.

"मग आज सकाळी तुज्या सासूची भाकर आली," मालनबाई पुढं म्हणाली. "ती दुधात कुस्करून दिली. ती बी थुकला. तवा जरा बरं वाटलं."

मच्छिंद्र फस्सदिशी हसला, आणि मग हे हसणं बरं दिसलं का म्हणून जमिनीकडं बघत बसला.

"आवो, त्याला कुणाच्याच हातचं जात न्हाय," तुळजाबाई म्हणाली. "मपलंच चुकलं. मी सांगायचं इसरले. द्या इकडं, मी भरवते."

"न्हाय." मालनबाईनं पोराला छातीशी ओढलं. "तू भरवलंस की खाईल, ते मला कळलं. मग तू ह्येला घरी घिऊन जाशील, आन् परवा पुन्ना विहिरीवर. मला शिकव."

"कसं शिकवू? हाताला येतंय ते, तोंडानं सांगता येत न्हाय."

मालनबाईनं गळ्यावरचा पदर बाजूला केला आणि मान वर केली. "मपल्यावर दाखव."

तुळजाबाई क्षणभर तशीच बसून राहिली. तिनं आजवर मालनबाईला कधी शिवलेलं नव्हतं. त्या सांजेला विहिरीवर, काल दारात पोर दिलं-घेतलं, तेव्हाही हाताला हात लागू नये हे दोघींना न ठरवता जमलं होतं. इतकं ते अंगवळणी पडलेलं. समोर तो गळा होता, सुरकुतलेला, घामेजलेला, धर्मांतरात तोडलेल्या काळ्या दोऱ्याचा वळ अजून पुसट दिसणारा. तिनं दोन बोटं टेकवली.

"घास घ्या तोंडात. हां. आता हितनं धरायचं, घाटीच्या वर. आन् आसं खाली... दाबायचं न्हाय, नुसतं वढायचं. पाणी वाट काढतंय ना, तसं."

मालनबाईनं गिळलं. बोटांखालून तो घोट जाताना तुळजाबाईला स्पष्ट कळला.

"पुन्ना," मालनबाई म्हणाली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही. मग तिनं अंगठ्याची चिंधी बाहेर राहील अशी तळहाताची घडी केली, गोरोबाच्या जिभेवर आपल्या भाकरीचा चिमूटभर काला ठेवला, आणि दोन बोटं हळूच खाली ओढली. काला बाहेर आला. तिनं तो पुसला. बोटं जराशी वर नेली.

गोरोबाची घाटी हलली. घोट गेला.

दुसरा गेला, तिसरा गेला. पोर भुकेलेलं होतं. तोंड आपसूक वासत होतं. तेव्हा कुठं तुळजाबाईचं लक्ष त्याच्या अंगावरच्या सदऱ्याकडं गेलं. मालनबाईनं तो पाठीकडून उभा कापला होता आणि नाड्या शिवल्या होत्या. पुढून घालायचा, मागं बांधायचा. सात वर्षं ती रोज सकाळी त्याचे ताठ हात बाह्यांत कोंबत होती, तो किंचाळत होता, आणि मागून कापायचं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"नवा करायला कापड न्हाय," मालनबाई म्हणाली. "जुनाच सुदारला. आजोळच्या पोराला रिकामं धाडता येत न्हाय." वाडगं अर्धं झालं होतं. "जा आता."

"वाईच बसते की."

"दोन दिस हायत अजून. ऊठ. आन् सासूला सांग, भाकर धाडू नको म्हणावं. आजोळच्या पोराला घरनं शिदोरी आली तर आमची इज्जत जाती."

तुळजाबाई उठली. वळून एकदा बघितलं. गोरोबानं तिच्याकडं बघितलं, न बघितलं. त्याचं तोंड घासाकडं होतं.

घरी लक्ष्मीबाई ओट्यावर होती. पावलं ओळखून म्हणाली, "जेवला का गं?"

"जेवला."

"कुणाची भाकर?"

"त्यांची."

म्हातारी बराच वेळ जात्याच्या खुंट्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मऊ केली हुती का?"

"केली हुती."

ऊन कललं तशी सुमन घागर घेऊन आली. आई दिवसाउजेडी घरात, तीही मोकळी, हे बघून ती दारातच थांबली. तुळजाबाईनं तिला जवळ बोलावलं. केसांची पार गुंतवळ झाली होती. कधीपासून कुणी हात लावला नव्हता कुणास ठाऊक. फणी घेतली, पोरीला पुढ्यात बसवलं. सुमन ताठ बसली. आता आई उठेल, आता उठेल, अशी मान आवळून.

"आई, तू मळ्याच्या वाटंनं आलीस?"

"व्हय. जवळ पडती."

"विहिरीला पाणी आलंय का?"

फणी थांबली. "का गं?"

"न्हाय. तू त्या सांजंला गेलीस ना गोऱ्याला घिऊन, तवापासनं म्या रोज बघून येते. पाणी सुटलं तर म्हणून." सुमन समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलत होती. "काल कोरडीच हुती. आज टँकर उशिरा आला, जाता आलं न्हाय."

तुळजाबाईनं आठवून पाहिलं. ओढा उतरून ती मळ्यात आली होती, बांधानं चालली होती, विहिरीच्या कडेकडेनं. डोक्यात सगळा वेळ त्या पाठीमागून कापलेल्या सदऱ्याच्या नाड्या होत्या. घरी जाऊन उरलेले दोन्ही तसेच करायचे, हे होतं.

"आज म्या बघितलंच न्हाय," ती म्हणाली.

सुमननं मागं वळून आईच्या तोंडाकडं पाहिलं. खरं आहे का ते बघितलं. मग पुन्हा पुढं वळली. फणी एका गुंत्यातून सुटून दुसऱ्यात अडकली, तिसऱ्यात अडकली, आणि हळूहळू पोरीची मान सैल पडत आईच्या गुडघ्यावर आली.