तोंडातल्या टाचण्या

"हा पट्टाच आखूड आहे. कापलाय कोणी, देव जाणे!" शिंपी पुटपुटला.

पट्टा होता रक्तदाबाच्या यंत्राचा, दंड होता त्याच्या बायकोचा आणि आकडा एकशे नव्वदवर ठाण मांडून बसला होता. कशाचंही खापर मापावर फोडायची शिंप्याची जुनी खोड. चार दिवसांत त्याने पट्ट्याला तीनदा जोड दिला होता. शेवटचा तर कोटाच्या उरलेल्या चौकड्याचा, आतून अस्तर लावून. आकडा मात्र ढिम्म.

"चौकडा शोभतो हं, वहिनी," धाकटी नणंद म्हणाली. मदतीला म्हणून आली होती ती, आणि आल्या आल्या तिने घरातलं मीठ लपवून ठेवलं होतं.

"शोभेचं राहू दे. त्या दिवशी मला बाकावर बसवून तुम्ही दोघं आत गेलात. डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगितलं की, वहिनी! मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ आलीय. ती हार्मोन नुसतं ओततेय, म्हणून रक्तदाब चढतोय. सोमवारी टोपी उतरवायची, झालं!"

"गाठ कसली पण?"

नणंद लगबगीने स्वयंपाकघरात मीठ शोधायला गेली. शिंप्याने घाईघाईने मूठभर टाचण्या ओठांत धरल्या. टाचण्या तोंडात असल्या की त्याला बोलता येत नाही, हे बत्तीस वर्षं घराला ठाऊक होतं. निम्मी भांडणं त्याने अशीच टाळली होती. या आठवड्यात तर तो जेवायलाही टाचण्यांसकट आला होता.

"कशाची ते कळल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही," बायको म्हणाली. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि तळहात पुढे केला. "काढा."

त्याने मान हलवली.

"अहो, काढा म्हणते ना!"

एक टाचणी आली. दुसरी. तिसरी तिने स्वतःच ओढली. अकरा झाल्या, तरी बारावी ओठांत घट्ट.

"गिळाल हो एखादी. मग सोमवारी आपली दोघांची एकदमच ऑपरेशनं!"

त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचा चेहरा पार विस्कटला. बारावी टाचणी तिच्या मांडीवर पडली.

"कॅन्सर आहे गं," तो म्हणाला.